वाटे

पंखाचा तुकडा, नखाएवढा.
कुपीत स्पिरिट. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहायची,
शाई विरघळते – हे पहिल्या वर्षी शिकले,
तेवीस मासे निनावी झाल्यावर.

ग्रंथात त्यांचं नाव एकच.
मुरबाडच्या पुढं, काळूच्या डोहाशी
चांगुणा हिलम मात्र वाटे दोन घालते:
ही मुरी. ही रेतमुरी.
ओळखतेस कशी?
“हातात धरली की कळतं. ही सटकते, ही रुसते.”

ठाण्यातल्या लॅबमध्ये रात्री उशिरा
पडद्यावर उतरली साडेसहाशे अक्षरं,
चारच अक्षरांची बाराखडी,
शंभरात अकरा ठिकाणी जुळेना.
वाटे दोनच.

कागद घेऊन तिच्याकडे गेले.
तिनं उलटसुलट पाहिला,
त्यावरच चार मुऱ्या ठेवून आतडी काढली
आणि म्हणाली,
“तिसरी कुठाय? डोह आटला की ये.”