पट्टा

कालपर्यंत चालत होता, म्हणतात.
सगळेच म्हणतात. या टेबलावर आलेलं एकही यंत्र
आजवर परवा बिघडलेलं नाही.

ओतिया म्हाताऱ्यानं कॉम्प्युटर आणला
ब्लँकेटात गुंडाळून, बसथांब्यापासून चढ चढत,
चियातुराच्या त्या वळणावर, जिथं माझं दुकान
दरीकडे पाठ करून उभं आहे.
"तोंड उघडत नाही," म्हणाला.
"आत माझी डिस्क आहे."

मी नेहमीच्या वाटेनं गेले.
बंद करून चालू केला.
यादीत ड्राइव्हचं नाव होतं, म्हणजे धुगधुगी होती.
केबल काढली, फुंकर घातली, दुसरी लावली.
ड्रायव्हर उडवला, पुन्हा बसवला.
वीज मोजली: पाच व्होल्ट, बारा व्होल्ट, दोन्ही चोख.
बटण दाबलं की हिरवा दिवा डोळा मिचकावतो,
आत काहीतरी गुरगुरतं
आणि पुन्हा सामसूम,
जणू विचारलं ते दुसऱ्याच कुणाला.

"नवा घ्या," मी म्हटलं. "चाळीस लारी."
त्याचं लक्षच नव्हतं. टोपी काढून
त्यानं ड्राइव्हच्या पत्र्याला कान लावला होता,
हल्ली डॉक्टरही लावत नाहीत तसा.
"दाब."
दाबलं.
"परत."
सातव्यांदा त्यानं मान हलवली.
"मोटर फिरते. ओढ पोचत नाही.
पट्टा घसरतोय."

एकतीस वर्षं तो रोपवेवर होता.
तारेवर पान्हा आपटून, नुसत्या आवाजावरून
सांगायचा कुठला दोर सैल पडलाय.
हे तो नाही बोलला.
बेकरीतल्या त्सियालानं सांगितलं, नंतर, पाव बांधता बांधता.

पेपरक्लिप सरळ केली,
ट्रेखालच्या सुईएवढ्या भोकात सारली.
खट्.
बोटभर पुढे आला. उरलेला मी ओढून काढला,
हट्टी पोराच्या मुठीतून गोटी काढावी तसा.
डिस्कवर निळ्या पेननं दोनच शब्द: बारी, मार्च.
बारी इटलीत आहे. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका
तिकडे परक्यांच्या म्हाताऱ्या आया सांभाळतात.
मी विचारलं नाही.
त्यानं ती कडांनी धरून रुमालावर ठेवली.

पट्टा तो केवढा? तान्ह्या बाळाच्या बिंदलीएवढा,
काळा, चौकोनी काठाचा,
कप्पीवरून लोंबत होता.
असला आता कुताइसीतही मिळायचा नाही.
"उकळ," तो म्हणाला.
मला वाटलं चेष्टा करतोय.

कॉफीच्या कपात कढत पाणी ओतलं,
पट्टा सोडला, वर बशी झाकली.
पाच मिनिटं दोघंही बशीकडे बघत.
खाली दरीत मँगनीजचे डबे
एकमेकांवर आदळत चालले होते.
गरम पाण्यात रबर आक्रसतं,
थोडे दिवस त्याला आपलं जुनं माप आठवतं.
निथळला, स्पिरिटनं पुसला, कप्पीवर चढवला,
बोटानं छेडला
तर सूर दिला त्यानं. बारीक, पण दिला.

बटण दाबलं आणि ट्रे सरसरत बाहेर.
आत. बाहेर. आत.
ओतियाला डिस्क घालायची घाई नव्हती.
बटणावर बोट ठेवून तो नुसता ऐकत होता,
आणि माझ्यामागे गिऱ्हाइकं खोळंबली होती,
एक टोस्टर, दोन मोबाइल.

मग घातली.
"महिनाभर टिकेल, फार तर," मी म्हटलं.
"आजच कॉपी करून ठेवा."
"बरं," तो म्हणाला, कॉपी न करणारे म्हणतात तसं.
डिस्कनं वेग घेतला, आधी घरघर, मग एकसारखी शीळ.
काळ्या चौकोनात काहीतरी उजळायला लागलं.
मी स्क्रीन त्याच्याकडे वळवला
आणि कप धुवायला मागे गेले.

बराच वेळ नळ सोडून उभी होते.
कपाच्या तळाशी रबराचं काळं कडं उमटलं होतं.
साबणानं गेलं नाही. राखेनंही नाही.
आता त्यात बारके स्क्रू ठेवते.