पाटी

कडोलीची बस आली की आई पाटी वाचायची नाही,
बसचा डावा गाल बघायची.
तिथं एक पोचा होता, सुपाएवढा.
"हीच गं आपली," म्हणायची
आणि डोक्यावरची पाटी आधी आत ढकलायची,
मग मला, मग स्वतःला.

पाटीत रताळी. लाल मातीसकट.
शेजारणी धुऊन न्यायच्या, ती नाही.
"धुतल्यालं रताळं दोन दिसांत मऊ पडतंय.
आणि गिऱ्हाईकाला बी कळू दे की
कुठनं आलंय ते."

पाचवीत मला कानडी आलं.
पहिल्यांदा जुळलेली अक्षरं मी तिला
भर बसस्टँडवर, बोट लावून वाचून दाखवली:
क. डो. ली.
तिनं मान वाकडी करून बघितलं.
"एवढ्या जिलब्यांत आपलं गाव हाय व्हय?"
दुसऱ्या दिवशी परत पोचाच बघितला.
माझ्यावर विश्वास नव्हता असं नाही,
पोच्यावर जास्त होता.

मोजायची मात्र कानडीत.
ओंदू, एरडू, मूरू,
नगाला नग लागल्याचा आवाज, मातीचा भुगा मांडीवर.
दलालाशी भांडायची मराठीत, आणि त्याला सगळं कळायचं.
मेथी घेऊन बसणारी निंगव्वा
तिला यल्लव्वा म्हणून हाक मारायची.
पुंडीची भाजी तिची, भाकरी आमची,
मधे चटणीची पुडी कुणाची ते
कधी ठरलंच नाही.

एका वर्षी गावातल्या पाट्यांना डांबर फासलं.
आधी एका लिपीतल्या, मग दुसऱ्या.
बाजार उठला, दगड पडले,
निंगव्वाच्या जुड्या आईनं आपल्या पाटीत कोंबल्या
आणि दोघी मंदिरामागं बसून राहिल्या संध्याकाळपर्यंत.
घरी आल्यावर चुलीपुढं म्हणाली,
"बरं झालं. आता समद्यास्नीच
पोचा बघावा लागंल."

पुण्याला होस्टेलवर पोरी हसल्या.
मी "येतो" म्हणाले होते.
मुलगी असून येतो? जेवतो? झोपतो?
महिन्याभरात मी जीभ सरळ करून घेतली.
दिवाळीत घरी आले, उंबऱ्यातच म्हणाले,
"दमले गं, जरा पडते."
आई पितळी घासत होती. थांबली.
"कुणासंगं बोलुलालीस?
माझ्यासंगं, का मास्तरणीसंगं?"

तिचा शेवटचा फोन बुधवारचा.
जेवलीस काय, पाऊस हाय काय तिकडं,
वेलाला उंदीर लागलाय.
"ठेव आता. रानात जाऊन येतो."

दाखला काल मिळाला. कानडीत.
यल्लव्वा परशराम सुळगेकर.
दादा म्हणतो चुकलंय, यल्लूबाई पाहिजे,
अर्ज लागेल, प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार.
म्हटलं, बघू.
बाकावर बसून मी बोट लावून वाचत राहिले.
यल्लव्वा.
या अक्षरांत तिचं नाव
मी तिला कधीच दाखवलं नव्हतं.
गावाचंच दाखवलं तेवढं.
बाजारात जाऊन निंगव्वाला विचारायचं होतं,
तिची जागा रिकामी होती,
कुणाला विचारायचा धीर झाला नाही.

बस आता नवी आहे.
पाटीवर तांबडे दिवे पळतात.
लांबूनच वाचता आली मला,
तरी ती थांबली तशी
नजर आधी डाव्या गालावर गेली.
गुळगुळीत होता.
हातात फक्त दाखल्याची पिशवी,
आत ढकलायला काही नाही,
म्हणून दारात जरा जास्तच वेळ उभी राहिले.

कंडक्टर ओरडला, "ओ बाई, येणार काय?"

"येतो," म्हणाले.

तो हसला नाही.