अंगाला लागतं ते

बावुतीच्या चौकात, ट्राम वळते तिथे
माझं औषधांचं दुकान.
काचेत एक पुठ्ठ्याची बाई उभी असते,
पोट सपाट, बेंबीशेजारी चौकोनी पट्टी,
हसणं असं की आयुष्यात कधी भूकच लागली नाही.
कंपनीने फुकट दिली. उन्हाने तिचा एक गाल निळा पडलाय.

तीस पट्ट्या, एकोणनव्वद झ्लोटी.
हिरवा चहा, समुद्री शेवाळ, आणखी कसलासा अर्क.
बोगुमिलाबाई डबा उलटा धरतात,
चष्मा कपाळावर सरकवून बारीक अक्षरं वाचतात,
विचारतात,
"उतरतं का गं याने?"

कातडी भिंत असते, बाई.
आणि भिंतीला दारं मोजकी.
निकोटिन जातं आत, एखाददुसरं संप्रेरक जातं.
शेवाळाला कुणी दार उघडत नाही,
ते डिंकात पाय अडकून
दिवसभर ओसरीवर बसून राहतं,
रात्री अंघोळीत वाहून जातं.
काटा खाली आलाच तर तो
तुम्ही जिने चढलात म्हणून.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या
आणि नाणी मोजू लागल्या.

गेल्या हिवाळ्यात याच काउंटरवरून
त्या दुसऱ्या पट्ट्या न्यायच्या.
चार आकडी कोड सांगायच्या, डोळे मिटून, चुकायच्या नाहीत.
झेनॉनसाठी. दुखणं थांबवणाऱ्या.
त्यांना दार होतं. त्या आत जायच्या.
दर बहात्तर तासांनी एक.
खांद्याच्या पात्याखालची जुनी काढायची,
नवी जरा बाजूला ठेवायची,
तळहाताने दाबून धरायची अर्धा मिनिट, कड नीट बसेपर्यंत,
आणि बॉलपेनने वर तारीख.
मीच शिकवलं होतं.

वजन झेनॉनचं उतरलं.
चौऱ्याण्णववरून एक्कावन्न,
ना चहा, ना शेवाळ.
त्याचा पुठ्ठा कुणी काचेत उभा केला नाही.

"अजून दोघांचंच रांधते," बाई म्हणाल्या,
"हात तसाच मोजतो.
आंबट सूप, बटाटे, रविवारी खसखशीचा केक.
टाकवत नाही. त्याच्या वाटणीचंही खाते.
शेवटी शेवटी भरवलेला एक घास
त्याच्या अंगाला लागला नाही बघ.
तो सगळा आता मला लागतोय."

मग डबा फोडता फोडता:
"पाठीवर चालते का लावलेली?"

डब्यावर लिहिलंय पोट, मांडी, दंड.
मी म्हणाले, कुठेही लावा, सारखंच.
या मालाबद्दल एवढं खरं मी कधी बोलले नव्हते.
"हात पोचत नाही गं तिथे."

पडद्यामागे, रक्तदाब मोजायच्या स्टुलावर
त्यांनी कोट काढला, स्वेटर वर धरला.
रुंद पाठ, तिळांची,
पट्ट्यांचे वळ, वळांच्या मधे मऊ मांस.
पात्याखाली लावली. दाबून धरली.
बाहेर ट्राम वळली, कप्प्यातल्या बाटल्या किणकिणल्या.
तीसच्या पुढे गेले मोजताना
तरी हात उचलला नाही.
"तारीख," त्या म्हणाल्या.
पेन उमटेना, दोनदा गिरवली.

आता मंगळवारी येतात, मग शुक्रवारी.
दाराजवळ वजनकाटा आहे,
दोन झ्लोटी टाकले की चिठ्ठी देतो.
त्याच्यावर त्या पिशवी ठेवतात
आणि सरळ पडद्यामागे जातात.

डबा संपत आला.
पुढच्याचे पैसे घ्यायचे का,
अजून ठरवलेलं नाही.