मंगळवारी शेंगदाणे नाहीत

बैठकीच्या खोलीत, टीव्हीखालच्या टेबलावर माझं दुकान:
नखं वाळवायचा एक निळा दिवा,
बावन्न बाटल्या, त्यातल्या अकरा सुकलेल्या,
आणि पडद्यापलीकडं स्वयंपाकघर,
जिथं सासूबाईंच्या खलबत्त्याला उसंत नसते.

आमच्या सेलूत दाण्यावाचून पान हलत नाही.
वांग्यात कूट, काकडीत कूट,
एकादशीच्या भगरीवर दाण्याची आमटी.
नवरा टीव्हीपुढं शेंगा सोलतो
आणि टरफलं सोफ्याच्या फटीत पेरून ठेवतो,
जसं काही तिथंही उगवणार आहेत.

नुजहत पहिल्यांदा आली तेव्हा
चप्पल न काढता उंबऱ्यावरच थांबली.
ताई, घरात दाणे आहेत का?
मला वाटलं, विकत पाहिजेत.
किती किलो, विचारलं मी.

ती हसली नाही.
वीजबिलाच्या खिडकीमागं बसते ती.
काचेखालच्या फटीतून सगळ्या गावानं तिचे हात पाहिलेत,
तोंड फार थोड्यांनी.
पर्समधून तिनं चष्म्याची डबी काढली.
आत चष्मा नव्हता. एक सुई, एक कुपी,
आणि अब्बांच्या अक्षरात, मराठीत, एक चिठ्ठी:
मांडीत द्या. वाट पाहू नका.

पडद्याआडून सासूबाई म्हणाल्या,
दाण्यानं कुठं माणूस मरतंय व्हय?
दुष्काळात दाण्यानंच तर जगवलं आमाला!
दोन्ही खरं होतं.
अवघड तेच होतं.

त्या रात्री मी बाटल्या उलट्या करून वाचत बसले.
मुंगीएवढी अक्षरं, मोबाइलमध्ये फोटो काढून मोठी केली.
नखांच्या कडेला लावायचं तेल: बदाम.
हात घासायचं गुलाबी मलम: अक्रोडाच्या सालीचा चुरा.
दोन वर्षं मी बोटाबोटाला हे चोळत आले,
कुणाला एका शब्दानं न विचारता.
नॅचरल, एवढंच तेवढं मोठ्या अक्षरात होतं.

मग जिंतूरहून करडईचं तेल मागवलं, घाण्याचं, ताजं.
सहज विचारलं, याच्या आधी काय गाळलं होतं?
भुईमूगच की, म्हणाला घाणेवाला.
ते राहिलं.
शेवटी मेडिकलमधून पेट्रोलियम जेलीची डबी आणली, बारकी.
सोफा अंगणात काढला, फटी झटकल्या.
निघाली अर्धी ओंजळ टरफलं, एक रिमोटचा सेल,
आणि माझं हरवलेलं जोडवं.

मंगळवारी तीनदा हात धुतले, कोपरापर्यंत.
कोपरापर्यंत धुतलेले हात मी आधीही पाहिलेत:
माझ्या आईच्या ओंजळीत वरून पाणी ओतायची एक बाई,
थेंब उडाला तरी आत जाऊन धुऊन यायची.
शिवलं म्हणून धुतलेले ते हात.
शिवता यावं म्हणून धुतलेले
हे माझे पहिलेच.

नुजहतनं दोन्ही पंजे टेबलावर ठेवले.
रंग निवडला पिकल्या जांभळाचा.
पुढच्या महिन्यात साखरपुडा, मुलगा मानवतचा,
त्यांच्याकडं अजून हे सांगितलेलं नाही.
सांगू का आधीच? लोक म्हणतील, नखरे.
मी करंगळीवर ब्रश फिरवत होते.
म्हटलं, मला उंबऱ्यावरच विचारलंस की.
ती काही बोलली नाही. करंगळी मात्र हलली,
तो रंग पुसून पुन्हा लावावा लागला.

घरात एवढं शांत कसं, ते तेव्हा लक्षात आलं.
खलबत्ता जागेवर नव्हता.
खिडकीतून पाहिलं तर सासूबाई
समोरच्या कौसाबाईंच्या ओट्यावर कुटत बसलेल्या,
आमच्या घराकडं पाठ करून, भांडल्यासारख्या.
कामून ओ इथं? कौसाबाईंनी विचारलं असावं,
कारण सासूबाईंचा आवाज रस्ता ओलांडून आला,
घरात काम चालू हाय लेकराचं.

निळ्या दिव्याखाली दहा जांभळं वाळत होती.
मग पुन्हा तोच आवाज, या बाजूला, खणखणीत:
झालं का गं? का अजून एक वाटी कुटू?