बरणीवरचा

कमाटीबागेच्या म्युझियममध्ये चीनहून आलेली बरणी,
बरणीवर निळा ड्रॅगन.
काचेला नाक लावलं तर त्यानं मिशी हलवली :
"पाणी कुठंय गं इथं?"

शाळेची रांग पुढं गेली, आम्ही मागच्या जिन्यानं
थेट विश्वामित्रीच्या काठी.
मगरींनी डोळे वर काढले
आणि न बोलता सरकून बसल्या,
आत्याच्या सासरचे आले की आम्ही सरकतो तशा.

"तू आग नाही ओकत?"
"छट्! आम्ही ढग हाकतो."
मग मी डब्यातली सेवउसळ भरवली,
तर्री जरा जास्तच.
एक घास,
आणि हजार वर्षांत पहिल्यांदा धूर!
बिचारा लाजला. नदीत तोंड बुडवून बसला.

आता बरणीवर तो तसाच, शहाणा.
मिशीला फक्त एक शेव.
परमारकाका रोज काच पुसतात.
शेव आतल्या बाजूला आहे.