पर्यायी मजकूर

बेलापूरला तिसऱ्या मजल्यावर, जिथून खाडी दिसली असती
पण खिडकीपुढे फायलींचं कपाट आहे,
मला एक संकेतस्थळ दिलं, सहा महिन्यांच्या करारावर.
"जरा नवीन करा मॅडम. सरकती पट्टी तेवढी ठेवा,
साहेबांना आवडते."

पट्टीवर एक निविदा धावत होती,
मुदत संपून नऊ वर्षं झालेली.
तळाशी भेट देणाऱ्यांचा आकडा, सहा अंकी.
त्यातले निम्मे आम्हीच निघालो,
साइट चालू आहे ना, हे बघायला आलेले.

पासवर्ड टेबलाच्या काचेखाली,
गजाननाच्या फोटोला खेटून, पेन्सिलीनं.
चहावाल्या पोरालाही पाठ.
मी बदलला.
दुसऱ्या दिवशी काचेखाली नवा आला,
या खेपेला शाईनं.

चाचणीला असं माणूस हवं होतं, ज्याला पडदा दिसत नाही.
"आहे की तळमजल्यावर," दळवीबाई म्हणाल्या.
हरेश्वर तांडेल, राहणार दिवाळे,
टेलिफोन बोर्डावर चोवीस वर्षं.

त्यांनी हेडफोन चढवला. मीही एक कान लावला.
चित्र. चित्र. येथे क्लिक करा. येथे क्लिक करा.
बटण. बटण. चित्र.
मग परिपत्रक, जुन्या फाँटातलं:
माझ्या डोळ्यांपुढे स्वच्छ मराठी,
त्यांच्या कानात
डॉलर, के, टक्के, कंस, कंस, के.
ते ऐकत राहिले,
राँग नंबरवरचा माणूस बोलायचा थांबेपर्यंत
ऐकावं तसं.
"आणि शेवटाला वाकडी अक्षरं वलखायला सांगतात," म्हणाले,
"मी मानूस हाय ह्ये पटवायला.
नाय पटवता येत गो."

मध्येच बोर्ड वाजायचा.
"साडेबारा टक्क्यांचा अर्ज? खोली दोनशे सात.
बुधवारी या. झेरॉक्स दोन आणा,
मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका."
आमच्या साइटवर जे सात क्लिकांत हाती लागत नव्हतं
ते त्यांच्या एका दमात.
'वारंवार विचारले जाणारे प्रश्न' हे पान
मी त्यांच्या तोंडून उतरवून घेतलं.
खाली छापलं: स्रोत, विभागीय कार्यालय.

अकराशे परिपत्रकं युनिकोडात आणली.
रात्री स्वप्नात जोडाक्षरं फुटायची,
रफार आपलं अक्षर सोडून शेजारी जाऊन बसायचा.

मुखपृष्ठावर चित्र ठरलं: खाडी, फ्लेमिंगो.
ज्याला चित्र दिसत नाही त्याच्यासाठी
एक ओळ लिहायची असते, पर्यायी मजकूर.
मी लिहिलं: खाडीतील फ्लेमिंगो पक्षी.
ऐकून म्हणाले, "सुकती का भरती?"

मला शब्दच ठाऊक नव्हता.
तीन आठवडे तेच चित्र कापत होते, उजळवत होते,
पाणी येतंय की जातंय
हे बघितलंच नव्हतं.
"पाय किती दिसतात? चिखल हाय का?"
आहे. पाय गुडघ्यांच्याही वर दिसतात.
"मग सुकती. आता खातील ते. लिही."

लिहिलं:
सुकती लागली आहे. उघड्या चिखलात फ्लेमिंगो
माना खाली घालून चरताहेत. पाणी दूर, करवे रंगाचं.
करवा रंग कसला, मी विचारलं नाही.
त्यांनी सांगितला तसा टंकला.

उद्घाटनाच्या आदल्या रात्री फोन आला:
चित्र बदला. साहेब, फीत, कात्री.
बदललं. पट्टीही परत लावली.

आता बोर्ड दुपारभर गप्प असतो.
महिनाअखेर ती जागा गोठवणार, असं टिपण फिरतंय,
तेही नव्या साइटवर आहे, नीट वाचता येतं,
त्यांनी मला वाचून दाखवलं.

माझा करार संपला. एक चूक मुद्दाम राहू दिली आहे.
पाहणाऱ्याला मुखपृष्ठावर साहेब दिसतात, हसरे, कात्रीसकट.
ऐकणाऱ्याला
सुकती लागलेली असते,
आणि चिखलात माना खाली घालून
कुणीतरी चरत असतं.