पॅलेडियमशिवाय

सतरा नंबरच्या फ्लास्कमध्ये सगळं घातलं:
थायोफिन, ब्रोमोबेंझिन, पोटॅशियम कार्बोनेट,
चिमूटभर पिव्हॅलिक आम्ल, ज्याचा वास
ओढणीला दोन धुण्यांपर्यंत राहतो.
वर आरगॉनचा फुगा,
कुणाचा तरी वाढदिवस उरकल्यावर उरल्यासारखा.
पॅलेडियम तेवढं घातलं नाही.

याला कंट्रोल म्हणतात.
ते नसताना काहीच झालं नाही, हे एकदा दाखवलं की
असताना झालं ते त्याचंच, असं छातीठोक लिहिता येतं.

धारप मॅडम पॅलेडियम कुलपात ठेवतात,
किल्ली चष्म्याच्या घरात.
बटरपेपरवर दोन मिलिग्रॅम, श्वास रोखून.
हेतल म्हणते, मांडवीतला सोनीसुद्धा
वजन करताना एवढा गप्प नसतो.

पूर्वी दोन कार्बन जोडायचे तर
दोघांनाही आधी सजवावं लागे,
एकाला ब्रोमीन, दुसऱ्याला बोरॉन नाहीतर कथील,
आणि शेवटी ती सजावट कचऱ्यात.
आता दुसरा आहे तसाच येतो,
अंगावर फक्त एक हायड्रोजन,
ज्याच्याकडे कुणीच बघत नाही.
पॅलेडियम बघतं.
पिव्हॅलेट तो हायड्रोजन काढून घेतं,
दारात पाहुण्याच्या हातातली पिशवी घ्यावी तसं,
दोघे जुळतात,
आणि पॅलेडियम पुढच्याकडे निघालेलं असतं.
बाणांनी हे फळ्यावर मी इतक्यांदा काढलंय
की आता डोळे मिटूनही बाण चुकत नाही.

रात्रभर एकशे दहा अंश.
सकाळी प्लेट दिव्याखाली धरली:
जिथे काही नसायला हवं होतं तिथे
एक सावळा ठिपका.
जीसी म्हणालं, अकरा टक्के.

धातूशिवाय!
दिवसभर मी पेपरचं शीर्षक जुळवत होते,
फतेगंजच्या गाडीवर सेव-उसळ थंड होत होती.
मॅडमना सांगितलं नाही, आईला सांगितलं.
ती म्हणाली, मग आता सुटशील ना गं?

पुन्हा केलं. अकरा.
पुन्हा. नऊ.
चौथ्यांदा शून्य.

फ्लास्क तोच, बाटल्या त्याच.
शनाभाई फरशी पुसता पुसता म्हणाले,
"बेन, अंदरनुं चुंबक काळुं थई गयेलुं,
में नवुं नाख्युं."

जुनं बेसिनच्या कडेला पडलं होतं.
टेफ्लॉनचा पांढरा केव्हाच गेलेला,
भिंगाखाली ओरखडेच ओरखडे.
अम्लराजात टाकलं. सकाळपर्यंत पाणी
किंचित पिवळं झालं होतं, किंवा मला तसं वाटलं.

ज्या खणातून ते घेतलं होतं त्यावर
सुकलेली चिकटपट्टी: चा. द. खानविलकर, २०११.
त्यांची वही कपाटात आहे.
शेवटच्या पानावर एक आकृती, अर्धवट,
आणि पेन्सिलीत: उद्या परत.
म्हणतात नंदेसरीला आहेत कुठल्याशा प्लांटवर,
म्हणतात वडील गेले होते तेव्हा,
म्हणतात मॅडमशी वाजलं होतं.
त्यांचं पॅलेडियम मात्र ओरखड्यांत बसून
अजून अकरा टक्के काम करत होतं.

वहीत मी लिहिलं:
कंट्रोल, शून्य टक्के, नवीन चुंबक.
खोटं नाही त्यात काही.

आभाराच्या पानावर बावीस नावं झालीत,
शनाभाईंचंही आहे.
खानविलकरांचं घातलं तर
व्हायव्हात कुणीतरी विचारणार,
हे कोण, आणि यांनी नक्की काय केलं?